गोड्या पाण्याचा चिखल

ठमाबाई मढवीला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९८६ च्या डिसेंबरात, कोपरीच्या खाडीकडच्या मिठागरावर. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून ती बांधावर उभी होती आणि आमच्या इंजिनिअरसाहेबांना सांगत होती, की तुमचं तळं गळतंय. साहेबांना ते पटत नव्हतं. तळ्याच्या बुडाशी परदेशातून मागवलेलं जाड काळं प्लास्टिक अंथरलेलं होतं. पाणी कमी होतंय ते उन्हानं, असं त्यांचं म्हणणं.

"ऊन येवरा पीत नाय," ती म्हणाली. "चार दिसांत चार बोटं? जमीन पितेय."

तिसऱ्या आठवड्यात पाणी उपसलं तेव्हा प्लास्टिकला तीन ठिकाणी चिरा सापडल्या.

इंजिनिअरसाहेब म्हणजे श्रीपाद खांबेटे. डोंबिवलीचेच, माझ्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढली होती. तो कारखाना बंद पडला, घरात दोन मुलं शाळेत, तेव्हा त्यांनीच मला या कामावर घेतलं. तळ्याच्या पाण्याचं तापमान दिवसातून सहा वेळा घ्यायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. पण तळं कसलं, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या काळात सूर्यापासून वीज मिळायची ती काचेच्या निळ्या तावदानांतून, आणि ती इतकी महाग की एका गावाचे दिवे लावायचे तर गाव विकावं लागेल. खांबेटेसाहेबांना ही वीज स्वस्त करायची होती, आणि थोडीथोडकी नाही, कारखाने चालतील इतकी. त्यासाठी त्यांना हवं होतं मिठाचं तळं. दीड पुरुष खोल तळं खणायचं. तळाशी खूप दाट खारं पाणी भरायचं, वर जाताना खारटपणा कमी कमी करत न्यायचा, सगळ्यात वर जवळजवळ गोडं पाणी. उन्हानं तळ तापतो. एरवी तापलेलं पाणी हलकं होऊन वर येतं, पण इथं मिठाच्या वजनानं ते खालीच अडकून राहतं. वरचं पाणी कोमट, आणि पुरुषभर खाली हात भाजेल असं. ते गरम पाणी नळानं काढायचं आणि त्यावर एक छोटं टर्बाइन फिरवायचं. ढगाळ दिवशीही चालतं, कारण उष्णता तळात साठलेली असते. मीठ स्वस्त, ऊन फुकट. महाग होतं ते फक्त प्लास्टिक.

चिरा पाहून साहेब बांधावर बसून राहिले. दुसरं प्लास्टिक मागवायला पैसे नव्हते. ठमाबाईनं विचारलं, की हे कापड घालताच कशाला? आमच्या आज्या-पणज्यांनी मिठागरात खारं पाणी धरलं ते काय कापडावर? तिनं खाडीचा काळा चिखल दाखवला आणि म्हणाली की तुडवून देते, थेंब जाणार नाही.

ती तेव्हा चाळिशीची असेल. नवरा धाकू मिठागरावरच साप चावून गेलेला. घरात ती आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी तुळसा. ठमाबाईनं गावातल्या वीस बाया जमवल्या आणि दोन महिने त्या चिखल तुडवत होत्या. मी रोज पाहत होतो, म्हणून त्यातली खुबी मला माहीत आहे. चिखल त्या गोड्या पाण्यात भिजवत नसत. पहिल्या दिवसापासून दाट खारं पाणी घालायचं, मिठागरातलं, जवळजवळ मीठ धरायला आलेलं. तुडवायचं, भेगा पडेपर्यंत वाळू द्यायचं, पुन्हा तेच पाणी, पुन्हा तुडवायचं. असे सात थर. मी एकदा विचारलं, की विहिरीचं गोडं पाणी का नाही चालत? ती म्हणाली, "गोऱ्या पान्यात चिकल गुलगुलीत दिसतो. पन खारा आला का फाटतो. त्याला पयल्यापासून खाऱ्याची सवय लावाची."

साहेब मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. त्यांनी झालेलं काम पाहिलं, होताना पाहिलं नाही. त्यांच्या अहवालात एवढंच लिहिलं गेलं, की स्थानिक चिकणमाती तुडवून अस्तर केले.

तळं भरलं. थेंब गेला नाही. ८८ च्या मार्चात तळाचं पाणी ऐंशी अंशांवर गेलं आणि साहेबांनी आकडा काढला. प्लास्टिकच्या तळ्यात विजेच्या एका युनिटला साडेतीन रुपये पडले असते, चिखलाच्या तळ्यात एक रुपया वीस पैसे. त्यांनी तो आकडा मला तीनदा वाचून दाखवला. मग त्यांनी तो आणखी खाली आणायचं मनावर घेतलं. एक रुपयाच्या आत आला तर पैसे देणाऱ्या दिल्लीला नाही म्हणता येणार नाही, असं ते म्हणत. अंदाजपत्रकातली एकेक बाब ते खोडत गेले. पहारेकरी एकच. पंप जुना. वाऱ्यानं तळ्यावर लाटा उठून पाण्याचे थर मिसळू नयेत म्हणून बांबूचे तराफे सोडलेले असत. ते बांधायला बायांना तळ्यावर जावं लागे, त्यासाठी एक फळ्यांची वाट केलेली होती. तिला अंदाजपत्रकात दोन्ही बाजूंनी कठडा धरलेला होता. तो कठडाही खोडला.

एप्रिलच्या नऊ तारखेला उद्घाटन होतं. दुपारी चारला मोठे पाहुणे यायचे होते. मांडव घातला होता, साठ दिव्यांची माळ लावली होती. सकाळपासून खाडीचा वारा सुटला आणि दोन तराफे सुटून मधोमध गेले. साहेब म्हणाले, पाहुणे येण्याआधी बांधून घ्या, दिसायला वाईट दिसतं. ज्या बाईची पाळी होती ती तापानं घरी होती. तिच्या जागी आठवडाभर तुळसा येत होती. हजेरीच्या कागदावर नाव त्या बाईचंच होतं, कारण नवं नाव चढवायचं तर ऑफिसात अर्ज करावा लागे.

अडीच वाजता तुळसा फळ्यांवरून गेली. एक तराफा तिनं बांधला. दुसऱ्यासाठी वाकली आणि पायाखालची फळी फिरली.

ती पायांवर पडली, सरळ खाली गेली. इतकं दाट पाणी माणसाला बुडू देत नाही. त्यानं तिला लगेच वर ढकललं, कमरेइतकं. वरचं पाणी कोमट होतं, त्यामुळं तिच्या चेहऱ्याला काहीच झालं नाही. ती ओरडली नाही. मी बांधावर होतो. तिनं फक्त "आये" म्हटलं, आणि फळी पकडायला हात पुढं केला. ठमाबाई फळ्यांवरून धावली, पोटावर पडली आणि तिनं तिला ओढून काढलं. तुळसाच्या पडण्यानं खालचं गरम पाणी घुसळून वर आलं होतं, त्यात तिच्या स्वतःच्या हातांची कातडी कोपरापर्यंत सोलली. तुळसाच्या पायांबद्दल मी लिहिणार नाही.

मांडवाचं सामान आणलेला टेम्पो उभा होता. त्यात घालून बायांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. साहेब पांढरेफटक पडले होते. मला वाटलं आता सगळं रद्द होईल. तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी फळ्यांवर पाणी ओतून घ्यायला सांगितलं.

चारला पाहुणे आले. हार घातले गेले. टर्बाइन फिरलं, साठही दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांपैकी एकानं मला विचारलं, खाली पाणी किती गरम आहे? माझ्या हातात वही होती. मी म्हटलं, त्र्याऐंशी अंश. ते म्हणाले, वा. हातसुद्धा लावता येणार नाही म्हणजे. मी म्हटलं, नाही सर.

तुळसा नवव्या दिवशी गेली. त्या नऊ दिवसांत ठमाबाई भाजलेल्या हातांना फडकी गुंडाळून वॉर्डाबाहेर जमिनीवर बसून होती. साहेब एकदाही गेले नाहीत. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तुळसा शुद्धीवर होती आणि तिनं मला विचारलं, दिवे लागले का? मी लागले म्हटलं.

मग कागद आला. मयत मुलगी प्रकल्पावर कामास नव्हती, परवानगीशिवाय आईला भेटण्यास आली व स्वतःच्या निष्काळजीपणाने तळ्यात पडली. त्यावर ठमाबाईचा अंगठा हवा होता. तो नसता तर चौकशी लागली असती आणि चौकशी लागली तर प्रकल्प बंद, असं साहेबांनी मला समजावलं. मला पाठवलं कारण मी ओळखीचा.

मी पोचलो तर तिच्या दारात त्या वीस बाया आधीच बसल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं होतं मला ठाऊक नाही. दगडाबाई म्हणून त्यांच्यातली वयानं मोठी होती, ती ठमाबाईशी बोलत होती. तळं बंद झालं तर आम्ही कुठं जायचं, मीठ तर आता कुणी काढत नाही, आमच्याही घरात पोरी आहेत. तुझी गेली, आता आमच्याकडं बघ. हे ती समजुतीच्या सुरात, ठमाबाईच्या पाठीवर हात ठेवून सांगत होती. उरलेल्या बाया खाली बघत होत्या, पण उठून एकही गेली नाही.

ठमाबाईनं मला कागद वाचायला सांगितला. मी वाचला, निष्काळजीपणा हा शब्दही वाचला. तिनं विचारलं, "तुलसाचा नाव नीट लिवलाय?"

मी म्हटलं, हो.

तिच्या उजव्या अंगठ्यावर अजून नवी कातडी धरायची होती. मी डाव्या हाताचा अंगठा घेतला.

एवढं होऊन प्रकल्प दोनच वर्षं चालला. आकडा एक रुपयाच्या आत आला. तुडवलेल्या चिखलाच्या अस्तराला अहवालात साहेबांचं नाव मिळालं, ते परदेशात दोन ठिकाणी जाऊन बोलून आले. ९० साली पैसे संपले. मिठागराच्या मालकानं जमीन परत मागितली आणि महिन्याभरात राडारोड्याचे ट्रक येऊन तळ्यात रिकामे होऊ लागले. बायांना जा म्हणून सांगायलाही कुणी आलं नाही. एका सोमवारी त्या आल्या तर फाटकाला कुलूप होतं. ठमाबाई कल्याणला भावाकडं, रघुकडं, राहायला गेली आणि घाऊक बाजारात मिरच्या निवडायला बसू लागली. पुढं कधी तिकडं गेलो तर ती दिसायची. ती मान हलवायची, मीही हलवायचो.

९५ च्या पावसाळ्यानंतर खांबेटेसाहेब माझ्या घरी आले. एका खाजगी कंपनीनं शीळफाट्याच्या पुढं चार एकर जमीन घेतली होती. तिथं मिठाचं तळं करून त्यावर आख्खा कारखाना चालवायचा होता. साहेब सल्लागार. हे साधलं तर सूर्याची वीज कोळशाच्या विजेच्या भावात येईल आणि मग देशभर अशी तळी होतील, असं त्यांनी सांगितलं, आणि मला अजूनही वाटतं की ते खरंच तसं मानत होते. प्लास्टिक परवडणार नव्हतं. चिखलच हवा होता. पण तो कसा तुडवला होता हे नेमकं कुणाला सांगता येईना. ते म्हणाले, त्या बाईकडं चल. काम झालं तर तुला तिथं सुपरवायझर घेतो. माझ्या मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती.

मला माहीत होतं कसं तुडवलं होतं ते. मी तेव्हाच सांगू शकलो असतो. पण त्यांनी मला विचारलं नाही. मी आकडे लिहिणारा होतो, चिखलातलं मला कळत असेल असं त्यांच्या मनात आलं नाही, आणि मीही बोललो नाही, कारण मग मला बरोबर न्यायची गरज उरली नसती.

रघु घरी नव्हता. ठमाबाईनं ओट्यावर चटई टाकली, चहा केला. साहेबांनी मिठाईचा पुडा पुढं ठेवला. ते मोकळेपणानं बोलत होते. कोपरीचे दिवस काढले, तुम्ही नसता तर ते तळं झालंच नसतं म्हणाले. मग चहाचा कप ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तुम्हाला एक मुलगी होती ना? दिली का कुठे?"

त्यांना अपघात आठवत होता, हे मला नंतर त्यांनीच गाडीत सांगितलं. पण त्यांच्या डोक्यात मेलेली मुलगी दगडाबाईची होती.

ठमाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "दिली."

"छान," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून डायरी काढली. "आता मला तो चिखल सांगा. अगदी पहिल्यापासून."

तिनं सांगितलं. कोणता चिखल घ्यायचा, किती उन्हं दाखवायची, किती थर, टाचेनं कसं दाबायचं. सगळं खरं. साहेब भरभर लिहीत होते. त्यांनी विचारलं, की भिजवायला पाणी कोणतं?

"गोरा," ती म्हणाली. "विहिरीचा. एकदम गोरा पायजे."

बोलताना ती माझ्याकडं पाहत होती. साहेबांकडं नाही.

मी गप्प बसलो. त्या क्षणी मला बरंही वाटलं, हे कबूल करतो. वाटलं, एवढं तरी तिच्या हातात असू दे.

पण तो एकच क्षण नव्हता. पुढं तीन महिने मी त्या जागेवर सुपरवायझर होतो. माझ्यासमोर टँकरनं गोडं पाणी येत होतं, माझ्यासमोर मजूर तुडवत होते. चिखल लोण्यासारखा दिसत होता. साहेब येऊन त्यावरून हात फिरवायचे. रोज सकाळी मला बोलता आलं असतं. रोज मी ठरवायचो, की आज नको.

फेब्रुवारीत खारं पाणी सोडलं. मे महिन्यात तळं रोज दोन बोटं उतरू लागलं. कंपनीनं आणखी खारं पाणी आणून ओतलं. तेही गेलं. जूनच्या आधी खालच्या पाड्यातल्या तीन विहिरी खारट झाल्या.

मी कल्याणच्या बाजारात ठमाबाईला शोधत गेलो. ती मिरच्यांच्या ढिगाशी बसली होती, नाकाला फडकं बांधून. मी सांगितलं की तळं गळलं, साहेबांची अब्रू गेली. तिनं हात थांबवला नाही. मग मी विहिरींचं सांगितलं.

हात थांबला. कोपरीला तळ्याभोवती खाडीच होती, सगळंच खारट, तिथं बिघडण्यासारखं काही नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर शीळफाट्याचं तळंही तसंच असणार.

"मानसं पितात तो पानी?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गेली. फाट्याला एसटीनं उतरून आम्ही पाड्यापर्यंत चालत गेलो. पहिल्याच विहिरीवर एक बाई कपडे धूत होती, मनुबाई नावाची. साबणाला फेस येत नव्हता. तिनं आपणहून सगळं सांगितलं. प्यायचं पाणी आता पाऊण तास चालून आणावं लागतं. भाजीचा मळा जळला. गाभण म्हैस पाणी पिऊन पिऊन आठ दिवसांत मेली. सुनेला दिवस गेले होते, हंडे वाहून वाहून तिचंही पोट पडलं. ती हे रडत सांगत नव्हती. कपडे आपटत सांगत होती.

ठमाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. "बाय, ह्या माज्यामुलं झाला," ती म्हणाली. "मी त्याना खोटा सांगला. चिकल कसा करायचा तो खोटा सांगला."

मनुबाईनं आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं ओला हात लुगड्याला पुसला आणि ठमाबाईच्या खांद्यावर ठेवला.

"तुमच्यानं काय होतंय, बाई," ती म्हणाली. "कंपनीची मानसं ती. मोठी शिकलेली. तुमाला कोन विचारतंय?" मग मला म्हणाली की उन्हात फिरवू नका यांना, घरी न्या.

ठमाबाईनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. गोडं पाणी, खारं पाणी, सात थर. मनुबाई हो हो म्हणाली, बादली उचलली आणि निघून गेली.

फाट्यावर एसटीला तासभर होता. ती दगडावर बसली. मग तिनं विचारलं, "तुला म्हायती होता ना?"

"होतं."

"मना वाटला, तू सांगशील. मी तुज्याकरं बगून बोललू. मना वाटला, ह्यो आता बोलंल, नायतर उद्या बोलंल. माजी पोर मेली होती. तुजा काय मेला होता?"

मुलाची फी, नोकरी, ही कारणं मी स्वतःला सांगून पाहिली आहेत. तिला ती सांगायची माझी हिंमत झाली नाही. एसटी आली तेव्हा ती बायकांच्या बाकावर जाऊन बसली आणि कल्याणला उतरून बाजाराच्या दिशेनं चालू लागली.

वर्षभरात कंपनीनं जागा सोडली. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला, की चिखलाचं अस्तर मुळातच भरवशाचं नाही, मिठाची तळी करायची तर परदेशी प्लास्टिकच घालावं लागेल. प्लास्टिक घालून हिशोब केला तर वीज पुन्हा साडेतीनच्याही वर गेली. मग कुणी तशी तळी केली नाहीत. कोपरीचं तळं दोन वर्षं थेंब न गळता उभं होतं, हे त्या चौकशीत कुणी मांडलं नाही. साहेबांनी मांडलं नाही, कारण ते टिकलं आणि हे का गळलं, तो फरक त्यांना सांगता येत नव्हता. मला साक्षीला बोलावलं होतं. मी तापमानाच्या वह्या हजर केल्या आणि परत आलो. त्या पाड्यातल्या विहिरी पुढं बुजवून टाकल्या.

बाजारात मी त्यानंतर चार-पाच वेळा गेलो. ठमाबाई मला पाहिलं की फडकं डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायची. ९९ च्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा तिच्या जागेवर दुसरी बाई होती. मी रघुच्या घरी गेलो. तो म्हणाला, बहीण गेली, महिना झाला, छातीत मिरचीचा खकाणा बसला होता. मी म्हटलं, मला कळवलं असतं तर आलो असतो.

रघु थोडा अवघडला. मग म्हणाला, की कळवणार होतो, पण तिनंच आधी सांगून ठेवलं होतं, डोंबिवलीवाल्याला सांगू नका.